मोठ्या कुटुंबाचा वनस्पतिज आहार : शिधा, स्वयंपाक व वाढप

सकाळच्या पहिल्या तासाला फळ्याकडे पाहता पाहता पेंगणारे मूल आळशीच असते असे नाही. ते घरून काय खाऊन आले आणि आदल्या रात्री त्याच्या ताटात काय पडले, याची चौकशी केल्यावाचून त्याच्याविषयी मत बनवणे अन्यायाचे होईल. अध्यापनाच्या कितीही चांगल्या पद्धती योजल्या, तरी उपाशी किंवा अर्धपोषित शरीर त्यांना साथ देत नाही. शिक्षकाच्या शब्दाला गावात आजही वजन आहे. यास्तव मोठ्या कुटुंबाच्या आहाराविषयी काही निश्चित गोष्टी शिक्षक बंधु-भगिनींना ठाऊक असाव्यात, आणि त्या वर्गात व पालकसभेत सांगता याव्यात, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

१. वनस्पतिज आहार म्हणजे काय

मांस, मासे व अंडी तर नाहीतच, परंतु दूध, दही, ताक, तूप हेही ज्यात नाहीत, तो केवळ वनस्पतिज आहार होय. शहरांतून त्यास अलीकडे ‘व्हीगन’ आहार म्हणतात. हा शब्द इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. तेथे तो आहार लोकांनी विचारपूर्वक पत्करला. आपल्याकडील कित्येक कुटुंबांत मात्र असा आहार कोणी निवडलेला नसतो. तो परिस्थितीने आलेला असतो. दुभते जनावर नसते, किंवा असले तरी दूध विकून तेल-मिठाचा खर्च भागवावा लागतो. चहात पडेल तेवढेच दूध घरात उरते. भाकरी, कालवण आणि चटणी हेच अशा घरचे रोजचे जेवण.

दूध वाईट आहे, असे सांगण्याचा येथे हेतू नाही. ज्यांना ते मिळते त्यांनी अवश्य घ्यावे. परंतु जेथे ते मिळत नाही, किंवा जेथे कोणी ते आपखुशीने वर्ज्य केले आहे, तेथेही मोठ्या घराचे भोजन सकस होऊ शकते काय, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘होय’ असेच आहे. मात्र त्यास तीन अटी आहेत. धान्य व डाळ यांचे प्रमाण राखले पाहिजे. वनस्पतींत जे सत्त्व मुळीच नाही, त्याची वेगळी सोय केली पाहिजे. आणि शिजलेले अन्न घरातील प्रत्येकाच्या ताटात खरोखर पोचले पाहिजे. पहिल्या अटीविषयी पुष्कळ बोलले जाते. मोठ्या कुटुंबात हिशेब चुकतो तो बहुधा तिसऱ्या अटीपाशी.

२. धान्य व डाळ यांची जोडी

शरीराची वाढ व झीज भरून काढण्याचे काम प्रथिने करतात. प्रथिने ही ॲमिनो आम्ले नावाच्या घटकांची बनलेली असतात, आणि त्यांपैकी काही घटक शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागतात. ज्वारी, बाजरी, गहू, मका व तांदूळ यांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. तूर, मूग, मटकी, हरभरा, उडीद यांत तो भरपूर असतो. परंतु त्यांत मेथिओनिन हा दुसरा घटक तोकडा पडतो, जो धान्यात व विशेषतः तिळात चांगला असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ली असता प्रथिनांचा जो उपयोग होतो, तो नुसत्या भाकरीने किंवा नुसत्या डाळीने होत नाही. दोन्ही पदार्थ एकाच घासात हवेत असे नाही; एका दिवसाच्या आहारात ते असले म्हणजे पुरे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात तीन भाग धान्यास एक भाग डाळ असे प्रमाण सुचवले आहे. हे प्रमाण कच्च्या शिध्याचे आहे, शिजलेल्या अन्नाचे नव्हे. आपल्या शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलास १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ असे प्रमाण ठरलेले आहे. सहावी ते आठवीसाठी ते १५० ग्रॅम व ३० ग्रॅम असे आहे. म्हणजे शाळेत पाच भागांस एक भाग डाळ मिळते. उरलेली उणीव घरच्या दोन जेवणांनी भरून निघावी लागते. शाळेत एकदा खिचडी मिळाली म्हणजे मुलाच्या आहाराची काळजी संपली, असा पालकांचा समज असेल तर तो या आकड्यांनी दूर करता येईल.

या विषयात एका महाराष्ट्रीय विदुषीचे नाव आपणास अभिमानाने सांगता येते. डॉ. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे मुंबईत कडधान्ये, नीरा यांसारख्या सामान्य माणसाच्या अन्नावर अनेक वर्षे संशोधन केले. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अटकाव करणारी द्रव्ये असतात, आणि नीट शिजवल्याने त्यांचा प्रभाव बराचसा नाहीसा होतो, हे ज्ञान अशाच संशोधनातून दृढ झाले. आपल्या आजीबाई कडधान्य भिजवून व मऊ शिजवूनच वाढतात, त्यामागील शास्त्रीय कारण हे आहे.

३. बारा माणसांच्या शिध्याचा हिशेब

समजा, एका घरात आजोबा, आजी, दोन भाऊ व दोन जावा अशी सहा मोठी माणसे, तेरा-चौदा वर्षांची दोन मुले आणि सात वर्षांच्या आतील चार मुले, अशी एकूण बारा माणसे आहेत. मोठ्यांची सहा व थोरल्या मुलांची दोन अशी आठ पूर्ण ताटे धरावी. चार लहानग्यांचे प्रत्येकी अर्धे ताट धरले म्हणजे आणखी दोन झाली. एकूण दहा ताटांचा शिधा काढावयाचा. घरातील माणसे शेतात मध्यम स्वरूपाचे काम करतात असे धरून एका दिवसाचा अंदाज असा येईल :

ज्वारी, बाजरी व इतर धान्य : ३ किलो ६०० ग्रॅम
सर्व प्रकारच्या डाळी व कडधान्ये : १ किलो २०० ग्रॅम
शेंगदाणे : २०० ग्रॅम
तीळ, कारळे, जवस मिळून : २०० ग्रॅम
पालेभाजी : १ किलो
इतर भाज्या, कांद्यासह : २ ते ३ किलो
तेल : पाव किलोच्या आसपास
फळे : १ किलो, पेरू, बोरे, सीताफळ, केळी, जे हंगामात स्वस्त असेल ते

नांगरणी-कापणीच्या दिवसांत भूक वाढते. तेव्हा धान्य वाढवावे, परंतु त्याच प्रमाणात डाळही वाढवावी. बहुतेक घरांत भाकरीचे पीठ या अंदाजाइतके किंवा त्याहून अधिकच लागते. कमी पडते ती डाळ. बाराशे ग्रॅम डाळ ऐकून गृहिणी दचकतील. कारण एका मोठ्या पातेल्यात दोन वाट्या डाळ शिजवून तीत तांब्याभर पाणी वाढवण्याची रीत अनेक घरी आहे. पाहुणा आला की आणखी एक तांब्या. पातेले भरलेले दिसते, परंतु प्रत्येकाच्या वाट्याला आलेली डाळ चमचाभरच असते.

एवढी डाळ एकदम वरणात घालावयाची नाही. तिचे तीन समान भाग करावे.

पहिले ४०० ग्रॅम पिठात जावे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस, सोयगाव-कन्नडच्या बाजूस खानदेशाचा शेजार आहे. खानदेशातील कळण्याची भाकरी त्या भागास परिचित आहे. ज्वारी व सालीसकट काळे उडीद एकत्र दळून ही भाकरी करतात. चार भाग ज्वारीस एक भाग उडीद धरल्यास १ किलो ६०० ग्रॅम ज्वारीत ४०० ग्रॅम उडीद बसतात. सकाळच्या भाकऱ्या अशा पिठाच्या केल्या म्हणजे डाळीचा तिसरा हिस्सा कोणाच्या लक्षातही न येता पोटात जातो. आणि भाकरी प्रत्येकजण खातोच. म्हणून पिठातील डाळ घरातील शेवटच्या माणसापर्यंत हमखास पोचते.

दुसरे ४०० ग्रॅम तूर किंवा मूग यांचे घट्ट वरण, पिठले किंवा आमटी यांसाठी ठेवावे. तिसऱ्या ४०० ग्रॅमांत मटकी, मूग, चवळी किंवा हुलगे भिजवून उसळ करावी. तुरीविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने तुरीचे अनेक वाण दिले, ‘बी.डी.एन. ७११’ हा पांढऱ्या तुरीचा वाण मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होण्यापूर्वी बदनापूर आपल्याच जिल्ह्यात होते. डाळ ही आपल्या मातीची वस्तू आहे. कापूस व मक्याच्या शिवारात तुरीच्या चार ओळी घरापुरत्या राखल्या, तर वर्षाच्या डाळीस मोठा हातभार लागतो.

४. स्वयंपाकाची रीत

मोठ्या घरचा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचा वेळ व सरपण दोन्ही मर्यादित असतात. म्हणून कष्ट वाढवणाऱ्या सूचना व्यर्थ होत. पुढील गोष्टी कष्ट वाढवीत नाहीत.

कडधान्य रात्री भिजत घालावे. सकाळी पाणी निथळून फडक्यात बांधून ठेवल्यास दुसऱ्या दिवशी मोड येतात. मोड आल्यावर त्याचे वजन दुपटीच्या आसपास जाते, ते लवकर शिजते, त्यातील क जीवनसत्त्व वाढते, आणि लोह अंगी लागण्यास अडथळा करणारे फायटेट नावाचे द्रव्य कमी होते. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालू नये. त्याने ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. भाजी आधी धुवावी व मग चिरावी; चिरून पाण्यात ठेवू नये. झाकण ठेवून शिजवावी. डाळीवरचे पाणी फेकू नये. पुरणाच्या दिवशी आपण कटाची आमटी करतो, तीच दृष्टी रोज ठेवावी.

मराठवाड्याच्या जुन्या पाककृतींत ही जाण भरलेली आहे. अंबाडीच्या भाजीत तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या घालून वरून लसणाची फोडणी देतात; आंबट पाला, धान्य व डाळ या तिन्ही वस्तू तीत एकत्र येतात. मेथी किंवा शेपूत मुगाची डाळ, हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, वरणात शिजवलेली फळे, बेसन व ज्वारीचे धपाटे, हुलग्याचे माडगे, या साऱ्या पदार्थांत डाळ किंवा कडधान्य असतेच. यांपैकी एकासही दूध लागत नाही. एका भांड्यात शिजणारे हे पदार्थ मोठ्या घरास सोयीचेही आहेत. सकाळी कळण्याची भाकरी, डाळ घातलेली पालेभाजी व चटणी. सायंकाळी ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, एखादी उसळ, घट्ट वरण व कच्चा कांदा, असा साधा क्रम ठेवून त्यात वारानुसार हे पदार्थ फिरवावे.

सणाच्या दिवशी दुधावाचून खीर कशी करावी, असा प्रश्न येईल. त्यासही आपल्याकडे उत्तर आहे. करडईचे बी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळले म्हणजे दुधासारखा पांढरा रस निघतो; गव्हाच्या खिरीत तो घालण्याची जुनी पद्धत मराठवाड्यात आहे. मात्र रंगाने पांढरा म्हणून तो गुणाने दूध होत नाही, हे ध्यानात ठेवावे. तान्ह्या मुलास तो दुधाच्या ऐवजी कदापि देऊ नये.

५. चुना व लोह

दूध नसले म्हणजे हाडांना लागणारे कॅल्शियम, म्हणजे चुन्याचे क्षार, कोठून मिळावयाचे? गाईच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच वजनाच्या नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात तीनशेहून अधिक, हुलग्यात अडीचशेहून अधिक आणि सालीसह तिळात हजाराहून अधिक असते. तिळातील सर्वच चुना अंगी लागतो असे नाही, आणि तीळ कोणी १०० ग्रॅम खातही नाही; परंतु भाजून कुटलेल्या तिळाची चटणी रोज दोन चमचे पोटात गेली तर तिचा निश्चित उपयोग होतो. नाचणी आपल्या जिल्ह्याचे मुख्य पीक नव्हे, तरी बाजारात मिळते; आठवड्यातून दोन-तीनदा तिची आंबील पाण्यात करून वर दाण्याचे कूट घालावे. पालकात ऑक्झलेट अधिक असल्याने त्यातील चुना फारसा उपयोगी पडत नाही. त्या कामी शेवगा व मेथी बऱ्या. शेवग्याचे एक झाड परसात असले तर मोठ्या घरास वर्षाचे बरेच महिने पाला पुरतो. आपण शेंगा खातो आणि पाला शेळीपुढे टाकतो. ही सवय बदलण्यासारखी आहे.

लोहाचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ आणि पाच वर्षांच्या आतील बालकांपैकी शेकडा जवळजवळ ६९ रक्तक्षयग्रस्त आढळली. बाजरी, हुलगे, तीळ व पालेभाज्या यांत लोह आहे. परंतु वनस्पतींतील लोह शरीर सहजी शोषून घेत नाही. त्यास आंबटाची जोड लागते. जेवताना ताटात लिंबाची फोड, आवळा, पेरू किंवा कच्ची कोथिंबीर असावी. लिंबू भाजी उतरल्यावर पिळावे, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते. निदान तासाभराचे अंतर ठेवावे. भाजीस लोखंडी कढई वापरावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ नावाचा, लोह व जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण प्रसारित केला. ज्यांच्या घरी ज्वारी पेरतात त्यांना त्याची माहिती द्यावी.

लहान मुलांविषयी एक विशेष सूचना आहे. त्यांचे पोट लहान असते आणि वनस्पतिज अन्न आकाराने मोठे. पातळ वरण-भाताने पोट भरते, पण पोषण अपुरे राहते. म्हणून त्यांच्या अन्नात चमचाभर तेल व दाण्याचे किंवा तिळाचे कूट कालवावे. अगदी लहानग्यांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. बुरशी आलेले किंवा कडवट दाणे कोणीच खाऊ नयेत, त्यांत विषारी द्रव्य असते.

६. वनस्पतींत नसलेले सत्त्व

येथवरच्या सर्व गोष्टी शेतात व बाजारात मिळतात. एक गोष्ट मात्र कोणत्याही पाल्यात, डाळीत वा धान्यात भरवशाची मिळत नाही. ती म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. ते सूक्ष्म जंतू निर्माण करतात व प्राण्यांच्या शरीरातून ते दूध, अंडी, मांस यांत उतरते. आंबवलेल्या पिठात किंवा आंबिलीत ते पुरेसे मिळते, हा समज खरा नाही. शरीरात त्याचा साठा असतो व तो हळूहळू संपतो. त्यामुळे उणीव काही वर्षे जाणवतच नाही. पुढे थकवा, फिकटपणा, जिभेचा दाह, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा अशी चिन्हे दिसू लागतात. मज्जातंतूंना झालेली इजा फार दिवस राहिली तर पूर्णपणे भरून येत नाही.

महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध वर्ज्य केले. १९१८ साली सुरू झालेल्या दीर्घ दुखण्यात त्यांची प्रकृती इतकी ढासळली, की अखेर त्यांनी शेळीचे दूध घेतले. दुधाची जागा घेईल अशी वनस्पतिज वस्तू कोणी सुचवावी, अशी त्यांची मागणी होती. ब-१२ जीवनसत्त्व १९४८ साली शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. आज ते गोळीच्या रूपाने मिळते, म्हणून हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. परंतु तो आहे, हे मान्य केले तरच.

यावरून पालकांना पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्या. ज्या घरी दूध होते पण सर्व विकले जाते, तेथे लहान मुले, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यापुरते दूध आधी काढून ठेवावे. ज्या घरी दूध मिळत नाही किंवा घेत नाहीत, तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची गोळी घ्यावी. नुसत्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी ही उणीव भरून निघत नाही. उलट फॉलिक आम्लाने रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतून चालू राहते. अर्थात आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या बंद करावयाच्या नाहीत. ब-१२ ची सोय त्यांच्या जोडीने करावयाची. २०२१ नंतर शालेय तांदळात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ मिसळण्याचा उपक्रम टप्प्याटप्प्याने राबवण्यात आला. परंतु त्यातील ब-१२ चे प्रमाण अल्प असल्याने केवळ त्यावर विसंबू नये. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलास आईचे दूध चालू ठेवावे. मीठ आयोडीनयुक्तच वापरावे.

७. वाढप

आता मुख्य मुद्दा. शिधा बरोबर काढला, डाळ घट्ट शिजवली, पाल्यात आंबट घातले. तरी घरातील काही माणसे अशक्त राहतात. याचे कारण पातेल्यात सापडत नाही, वाढण्याच्या क्रमात सापडते. आधी पुरुष व पाहुणे, मग मुले, त्यांतही आधी मुलगे, मग म्हातारी माणसे, आणि सर्वांत शेवटी स्वयंपाक करणाऱ्या जावा व थोरल्या मुली. भाकऱ्या बहुधा उरतात, नाहीतर आणखी दोन थापता येतात. वरण, उसळ व भाजी मात्र उरत नाही. शेवटी बसणाऱ्या स्त्रीच्या ताटात भाकरी, ठेचा आणि पातेल्याच्या तळाचे पाणी येते. दूध-तूप ज्या घरात नाही, तेथे डाळ व पाला हाच पोषणाचा एकमेव आधार. तोच तिच्यापर्यंत पोचत नाही. ज्या माउलीच्या हातून दहा ताटांचे अन्न शिजते, तिला प्रथिने व लोह सर्वांत कमी मिळावे, आणि तीच पुढे गर्भवती असताना रक्तक्षयाने खंगावी, यात दैवाचा काही संबंध नाही. हा वाटणीचा दोष आहे आणि तो सुधारता येतो.

उपाय साधा आहे. ४०० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण सुमारे दोन लिटर होते. २०० मिलिलिटरच्या वाटीने मोजल्यास ते बरोबर दहा वाट्या भरते. वरण उतरताच, पहिले ताट वाढण्यापूर्वी, आठ पूर्ण व चार अर्ध्या वाट्या मांडून भराव्या. उसळ व पालेभाजीचेही तसेच. जो ज्या वेळी जेवायला बसेल, त्या वेळी त्याची वाटी त्याला मिळेल. भाकरी हवी तितकी घ्यावी. वाटी मात्र ज्याची त्याची. पाहुणा आल्यास वरणात पाणी न ओतता बेसनाचे पिठले टाकावे किंवा दाण्याचे कूट लावून उसळ वाढवावी. घरातील सर्वांनी एकत्र जेवण्यास बसणे हा याहूनही उत्तम उपाय होय. परंतु तो एका दिवसात घडणार नाही. वाट्या भरून ठेवणे आजच्या सायंकाळपासून करता येते, आणि त्यात कोणाचा अपमानही होत नाही.

ही गोष्ट सुनेने सासूस सांगणे कठीण असते. शिक्षकाने पालकसभेत हिशेबाच्या रूपाने मांडली, तर ती आजी-आजोबाही ऐकून घेतात. कोणाच्या घरास उद्देशून बोलू नये. बारा माणसांचे एक काल्पनिक घर फळ्यावर मांडावे आणि वाट्या मोजाव्या. ऐकणारा आपले घर आपोआप आठवतो.

८. शाळेत काय करावे

यासाठी वेगळा तास काढण्याची गरज नाही. पाचवीच्या पुढील वर्गांत त्रैराशिक व गुणोत्तर शिकवताना आहाराची उदाहरणे घ्यावी. ‘१०० ग्रॅम तांदळास २० ग्रॅम डाळ, तर ४५ मुलांस किती तांदूळ व किती डाळ?’ उत्तर साडेचार किलो व ९०० ग्रॅम. ‘तीन भाग धान्यास एक भाग डाळ धरल्यास २ किलो ४०० ग्रॅम पिठाबरोबर किती डाळ हवी?’ उत्तर ८०० ग्रॅम. मुलांना घरची वाटी आणावयास सांगून शाळेच्या तराजूवर तीत किती डाळ मावते ते तोलावे. मग घरी वजनाशिवायही प्रमाण राखता येईल.

परसबागेत शेवगा, लिंबू, मेथी, माठ व अंबाडी लावावी. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा या रानभाज्या मुलांकडून ओळखून घ्याव्या. मात्र जाणत्या आजीने ओळखल्याशिवाय कोणताही पाला घरी नेऊ देऊ नये. शालेय आहार मुला-मुलींना एकाच पंक्तीत, एकाच पळीने, समान वाढला जातो. त्या पंक्तीत मुलगा व मुलगी यांची वाटी सारखीच भरते, हे मूल रोज पाहते. घरच्या पंक्तीकडे पाहण्याची दृष्टी त्यास तेथूनच मिळेल, म्हणून वाढपाच्या वेळी शिक्षकांनी स्वतः हजर राहावे.

पुढील पालकसभेत या लेखातील शिध्याचा तक्ता फळ्यावर लिहावा, आणि आपल्या गावातील पिके व बाजार पाहून त्यात योग्य ते फेरफार करावे. वैजापूर-गंगापूरकडे बाजरी, सिल्लोडकडे मका, असा धान्यात फरक होईल. धान्य व डाळ यांचे प्रमाण आणि प्रत्येकाची वाटी या दोन गोष्टींत मात्र फरक करू नये.